उताराच्या गेटवरचं दुसरं जॅकेट

मी जॅकेट बोलतोय. स्टेडियमच्या दारात जी माणसं तुमच्या पिशव्या उघडून बघतात, त्यांच्या अंगावर असतं ते. नारिंगी, बिनबाह्यांचं, पुढं चेन आणि छातीवर चमकत्या पट्ट्या. सध्या मी एका जाड कागदी पाकिटात आहे, पाकीट कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे. त्यामुळं आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

आधीच सांगून टाकतो, मला माझ्या दादाचा हेवा वाटतो. दादा आता नाही, हे मला परवाच कळलं. तरी वाटतो. गेलेल्या भावाबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तो असता तर मी त्याच्या तोंडावर बोललो असतो आणि तो हसला असता. ते हसणंसुद्धा मला आवडायचं नाही.

आम्ही एकाच ताग्यातले. मोठी स्पर्धा आमच्या स्टेडियमला मिळाली, देशोदेशीचे संघ येणार म्हणून शिवणकारखान्यात रात्रंदिवस जॅकेटं शिवली जात होती. दादा ताग्याच्या सुरुवातीला कापला गेला, ऐसपैस. मी शेवटाला. कापड पुरेना, तेव्हा कटिंगमास्तर म्हणाला, "आखूड का होईना, एक निघतंय की. काढा." असा मी निघालो. शिवणारीनं घाईत माझी कॉलर वाकडी लावली. उलगडून परत लावायला तिला वेळ नव्हता.

मग आमच्या पाठीवर अक्षरं छापली. काय छापलं ते मला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या पाठीवरचं कोण वाचणार? आणि वाचायला मी शिकलोय कुठं? दादानंच पुढं सांगितलं, "मदत लिहिलंय रे." त्याला कोणी सांगितलं, तर ताईनं. त्याला सगळं ताईच सांगायची. तिथंच तर माझं पोट दुखायचं.

ताई म्हणजे उताराच्या गेटवरची ताई. तिचं नाव वेगळं असणार, पण सगळं स्टेडियम तिला ताई म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठेसुद्धा. ती चाकाच्या खुर्चीतून यायची. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली गेटवाल्यांची खोली होती, तिथं खुंट्यांवर आम्हाला टांगलं होतं. वाटपाच्या दिवशी ती सगळ्यांत आधी आली आणि तिनं आधी मला उचललं.

हो, मला. हे कोणालाच माहीत नाही. तिनं मला अंगात घातलं, चेन लावली, खाली वाकून चाकाकडं बघितलं आणि म्हणाली, "हे बरंय, आखूड आहे. चाकात अडकणार नाही." मी फुगलो. तेवढ्यात तिनं मान वळवली आणि माझी कॉलर तिला टोचली. "शी, हे गळाच कापतंय." मला काढून तिनं दादाला घेतलं. तो लांब, त्याची खालची कड तिला मांडीखाली खोचून घ्यावी लागली. खोचून घेतली, पण घेतलं त्यालाच. चूक शिवणारीची, वाकडी कॉलर, आणि शिक्षा मला.

मी गेलो शेवटच्या खुंटीवर. तिथं जादा जॅकेटं टांगायचे.

रोज संध्याकाळी दादा घरी यायचा. उन्हाचा वास घेऊन, कुठं चहाचा डाग, कुठं लहान पोराच्या चिकट हाताचा ठसा. शेजारच्या खुंटीवर बसला की त्याच्या गोष्टी सुरू.

"आज एक आजोबा आले होते रे काठी टेकत. चाळीस वर्षांनी सामना बघायला आले म्हणाले. ताईनं त्यांना…"

मी गप्प.

"झोपलास का?"

"हो."

"मग बोललास कसा?"

असा होता तो. मला राग आला की त्याला जास्तच प्रेम यायचं.

ताईला आधी साहेबांनी चौकशीच्या खिडकीमागं बसवलं होतं. काचेआड, पंख्याखाली. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. गळ्यात सतत शिट्टी, म्हणून पाठीमागं सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणायचे, आणि ताई समोरसुद्धा.

"तुझ्या सोयीसाठीच ठेवलंय ग," साहेब म्हणाले होते.

"माझी सोय मला विचारून करा ना मग," ताई म्हणाली. "उताराच्या गेटवर चाकाच्या खुर्च्या येणार, बाबागाड्या येणार, म्हातारी माणसं येणार. तिथं तुम्ही धावणारी पोरं उभी केलीत. त्यांना उतार म्हणजे काय ते तरी माहितीय का?"

"दिवसभर बसून ड्यूटी होईल का तुला?"

"मी बसून जागी असते, शिट्टीमास्तर. तुमची पोरं उभ्यानं झोपतात."

खोली हसली. साहेबसुद्धा हसले आणि तिला ते गेट मिळालं. स्टेडियमचं ते एकच गेट असं की तिथं फिरता दांडा नाही. रुंद दार आणि वर जाणारा लांब उतार. कामवाल्यांना तो जवळचा रस्ताही होता, म्हणून जॅकेटवाल्यांची जा-ये तिथूनच.

ताईची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तिची खुर्ची ढकलायची नाही. उतार चढताना तिचे दंड थरथरायचे, कपाळावरून घाम ओघळायचा, पण कोणी मागून खुर्चीच्या मुठींना हात लावला की संपलंच. एकदा साहेबांनी लावला होता.

"तुम्हाला न विचारता कोणी तुमचे पाय उचलले तर चालेल का?"

"बरं, विचारतो. ढकलू का?"

"नाही."

"आता विचारलं तरी नाही?"

"विचारायचा हक्क तुम्हाला, नाही म्हणायचा मला."

त्यानंतर कोणी त्या मुठींच्या वाटेला गेलं नाही.

स्पर्धा सुरू होण्याआधी एका संस्थेच्या बाई शिकवायला आल्या. म्हणाल्या, एवढी गर्दी जमते तिथं माणसं विकणारेही येतात. कामाचं आमिष दाखवून मुलींना, पोरांना आणतात, त्यांचे कागद काढून घेतात, फोन काढून घेतात. एखाद्याच्या वतीनं दुसराच बोलत असेल, तो स्वतः मान वर करत नसेल, तर दोघांना जरा वेगळं करा आणि एकट्याला विचारा. सगळ्यांसमोर विचारू नका, तो खरं बोलणार नाही.

खोलीत जांभया सुरू होत्या. एकानं तर चक्क घोरायला सुरुवात केली. शिट्टीमास्तर हळूच म्हणाले, "इथं तिकिटं तपासता तपासता जीव जातो, आता लोकांची नाती तपासायची?"

ताईसुद्धा हसली. मी खुंटीवरून बघितलंय. आज तिचं नाव घेऊन जो तो सांगतो की तिनं मन लावून ऐकलं. काही नाही. ती खुर्चीच्या चाकातला दोरा काढत बसली होती.

आणि आमच्या माणसांची एक सवय होती. बाहेरच्याला दहा प्रश्न, पण जॅकेट दिसलं की नुसती मान हलवायची. जॅकेटवाला जॅकेटवाल्याला पास विचारत नाही. अपमान वाटतो म्हणे. त्यातही सगळं लक्ष आत येणाऱ्यावर. कोणी फुकट घुसतंय का, कोणी बाटली आणतंय का. बाहेर जाणाऱ्याकडं कोण बघणार? तो तर गर्दी कमी करतोय!

त्या दुपारी मोठा सामना होता. वर माणसं अशी ओरडत होती की खुंट्या हलत होत्या. खोली रिकामी. एक माणूस दारातून डोकावला. थंड पेयांच्या स्टॉलवर मुली पुरवणारा, गळ्यात स्टॉलवाल्यांचा पास. सगळे त्याला मामा म्हणायचे. तोच म्हणायला लावायचा. आत आला, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ माझ्याकडं आला.

मला खुंटीवरून काढलं. मला!

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतके दिवस टांगून टांगून माझ्या खांद्याला खुंटीचा फुगवटा आला होता. मी मनात दादाला म्हणालो, आता बघ. आज संध्याकाळी मी सांगणार, तू ऐकणार.

स्टॉलच्या मागं खोक्यांची उतरंड होती. तिथं एक मुलगी उभी होती, पायात घरातल्या स्लिपर. मामानं मला तिच्या अंगावर टाकलं. चेनही लावली नाही, इतकी घाई.

मी पहिल्यांदा कोणाच्या तरी अंगावर होतो. ऊब लागते, असं दादा सांगायचा. ऊब कसली, ती मुलगी थंडगार पडली होती. आणि तिचं काळीज माझ्या आतल्या शिवणीवर असं आपटत होतं की शिवण उसवेल असं मला वाटलं.

"मला घरी जायचंय, मामा," ती म्हणाली. "तुम्ही स्टॉलचं काम म्हणाला होता. त्या लॉजवर मी नाही जाणार."

"कोण विचारतंय तुला? गाडी उभी आहे बाहेर. गेटवर एक शब्द बोलायचा नाही. बोललीस तर तुझ्या धाकटीला आणायला मला किती वेळ लागतो ते बघ. घर माहितीय मला."

धाकटी म्हटल्यावर तिची मान खाली गेली. ती मग वर झालीच नाही.

मला तेव्हा काय कळायचं ते कळलं. ओरडायचं होतं. पण जॅकेटाला तोंड कुठं? चेन असते, तीही उघडीच.

आम्ही उताराच्या गेटकडं निघालो. वाटेत दोन जॅकेटवाले भेटले. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मान दिला, तोही असा.

गेटवर ताई होती. अंगावर दादा. बाजूला शिट्टीमास्तर कागदी कपातून चहा पीत उभे.

"ए, कुठं निघालीस ड्यूटी सोडून?" ताई खेकसली. तिला वाटलं, मुलगी कामचुकार आहे. "सामना अर्धाही नाही झाला अजून."

"बरं नाहीये तिला," मामा म्हणाला. "घरी सोडून येतो. मी मामा तिचा."

"हिला तोंड नाही का?"

"घसा बसलाय."

"आणि पायात काय हे? स्लिपर घालून ड्यूटीवर कोणी घेतलं तुला?"

मुलीऐवजी मामाच म्हणाला, "बूट चावले तिला. तुम्ही पण ना ताई."

"जाऊ दे ग," शिट्टीमास्तर म्हणाले. "आजारी पोरगी आहे. उद्या बोल काय बोलायचं ते."

ताईनं हात हलवला, जा म्हणून. मी सांगतोय ना, हलवला होता. ही गोष्ट कोणी सांगत नाही. आम्ही पुढं झालो. पण ताई बसलेली. उभ्या माणसाला दिसतं तोंड, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो हात. मामानं मागून मला मुठीत पिळून धरलं होतं, आणि माझ्याबरोबर मुलीचं कोपर. तिची बोटं पांढरीफटक पडली होती.

ताईनं खुर्ची गर्रकन वळवली आणि आमच्या आडवी आणली.

"ए पोरी," ती म्हणाली, आवाज एकदम लोण्यासारखा. "जाता जाता माझी खुर्ची ढकल ग जरा वरपर्यंत. आज हातच उचलत नाहीयेत. मग जा."

शिट्टीमास्तरांचा कप तोंडापाशीच थांबला.

"आम्हाला उशीर होतोय," मामा म्हणाला.

"अपंग बाईला एवढी मदत नाही करणार?" ताई मोठ्यानं म्हणाली. रांगेतल्या दोन बायकांनी वळून बघितलं. अपंग हा शब्द तिच्या तोंडून त्याआधी कोणी ऐकला नव्हता. मामाला हसावं लागलं. त्यानं मूठ सोडली.

मुलगी खुर्चीमागं गेली. मुठी धरल्या. वर ढकलायचं म्हणजे पुढं झुकावं लागतं. ती झुकली आणि मी दादाच्या पाठीला टेकलो. कारखान्यातल्या गठ्ठ्यानंतर पहिल्यांदाच. तो घामानं ओला होता.

"आलास?" तो म्हणाला. "घाबरू नकोस."

मी घाबरलोय हे त्याला कसं कळलं? त्याला नेहमी कळायचं. मला ते आवडायचं नाही.

अर्ध्या उतारावर ताई मान न वळवता बोलली. "मागं बघू नको. ढकलत राहा. तुला त्याच्याबरोबर जायचंय?"

चाक कुरकुरत होतं. वर लोक ओरडत होते. खाली मामा चार पावलं पुढं आला.

"तू काहीही सांगितलंस तरी मी तुला रागवणार नाही," ताई म्हणाली. "मघाशी रागावले ते चुकलं माझं. जायचंय?"

"नाही," मुलगी म्हणाली. "पण तो माझ्या धाकटीला आणेल."

"तो कुठं जातो ते मी बघते."

ताईनं खटकन ब्रेक लावले. मामाला तो आवाज कळला असावा. तो धावत वर आला आणि त्यानं मला पाठीकडून पकडलं. मुलगी पुढं वाकली आणि तिनं ताईच्या गळ्याला मिठी मारली. म्हणजे दादाला मारली. दोन्ही मुठींत दादाचा खांदा. मामा मला ओढतोय, ती दादाला धरून आहे, आणि मध्ये ती एवढीशी.

दादा खांद्यापासून फाटायला लागला. मी ऐकलं ते. कापड फाटतं तेव्हा जो आवाज येतो, तो दुसऱ्या कापडाला फार वेगळा ऐकू येतो. काखेपर्यंत गेला, पाठीत उतरला, पण तिच्या मुठी त्यानं सोडल्या नाहीत.

मी सुटलो. चेन उघडी होती, तिनं एकेक हात मागं केला, दुसऱ्या मुठीत दादा तसाच, आणि मी तिच्या खांद्यांवरून घसरलो. मुद्दाम घसरलो असं मी म्हणेन. कोण विचारतंय? नसतो घसरलो तर तीच मागं ओढली गेली असती. पण वर्तमानपत्रात आलं ते "फाटलं पण सोडलं नाही", दादाबद्दल. कपाटासमोर कोणीतरी मोठ्यानं वाचत होतं. माझ्याबद्दल "आरोपीनं वापरलेलं जॅकेट" एवढंच. धरून ठेवणाऱ्याचं नाव होतं. वेळेवर सोडणाऱ्याचं काय?

शिट्टीमास्तरांनी शिट्टी मारली. इतके दिवस ती नुसती गळ्यात होती, त्या दिवशी खरी वाजली. मामा मला घेऊन खाली पळाला. आणि पळता पळता त्यानं काय करावं? मलाच अंगात घातलं. त्यालाही आमची सवय माहीत होती ना, जॅकेटवाल्याला कोणी अडवत नाही.

पण साहेब वायरलेसवर ओरडत होते, "जॅकेटवाला थांबवा! बाहेर जाणारा जो दिसेल तो जॅकेटवाला थांबवा!" मग जी धमाल उडाली ती सांगता सोय नाही. जॅकेटवाले जॅकेटवाल्यांना अडवायला लागले. "पास दाखव." "तू दाखव आधी." "अरे, सकाळी चहा पाजला मी तुला!" "चहाचं सोड, पास काढ." दोघं तर एकमेकांची कॉलर धरून एकमेकांनाच पोलिसांकडं घेऊन गेले. त्या गोंधळात गाड्यांच्या तळावर ज्याच्याकडं दाखवायला पास नव्हता, तो एकटा मामा निघाला. स्टॉलवाल्यांचा पास त्यानं खिशात लपवला होता, आणि त्या पासावर आमचं जॅकेट घालता येत नाही.

मला त्याच्या अंगावरून काढलं आणि पाकिटात घातलं. वर लाख लावली. तेव्हापासून मी असा. दादाला मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. शेवटचं दिसलं ते त्याचं फाटलेलं कापड, तिच्या मुठीत.

पाकिटात मी काय केलं? जळत राहिलो. मला वाटायचं, दादाला शिवलं असेल. ताईच्या अंगावर असेल. लोक हात लावून बघत असतील, हेच का ते, म्हणत असतील. संध्याकाळी खुंटीवर बसून तो शेजारच्याला गोष्टी सांगत असेल. माझ्या खुंटीवर आलेल्या कोणा नव्याला. ते तर मला मुळीच सहन व्हायचं नाही. मी ठरवलं होतं, परत गेलो की महिनाभर बोलायचंच नाही त्याच्याशी. त्यानं कितीही विचारलं, झोपलास का, तरी नाही.

परवा मला कोर्टात नेलं. पाकिटाला एक फट पडलीय, तिच्यातून दिसत होतं. कोर्ट वरच्या मजल्यावर आणि जायला नुसत्या पायऱ्या. चौघं म्हणाले, खुर्चीसकट उचलून नेतो. ताई म्हणाली, नाही. शेवटी न्यायाधीश, वकील, कारकून, कागदांचे गठ्ठे, मामा, सगळं वरून तळमजल्यावरच्या खोलीत आलं. खुर्च्या कमी पडल्या. वकील उभे राहिले. ताई म्हणाली, "मी माझी घेऊन आलेय."

ताईच्या अंगावर नवं जॅकेट होतं. हिरवं, छातीवर नंबर. मी म्हटलं, दादाला सुट्टी असेल आज.

तिची साक्ष झाली. मग ती मुलगी आली. अंगानं भरली होती जरा. पायात बूट होते. तिनं सगळं सांगितलं, मान वर करून. धाकटीच्या घरी पोलीस त्याच संध्याकाळी पोचले होते, धाकटी शाळेत जाते, तेही सांगितलं. मग वकिलांनी मला पाकिटातून बाहेर काढलं, दोन बोटांनी, मेलेल्या उंदरासारखं, आणि तिच्यासमोर धरलं.

"हेच का ते?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या अंगावर होतो, बरं का. तिचं काळीज सगळ्यांत जवळून मी ऐकलंय, दादानं नाही. मला वाटलं, आता हिला आठवेल. हिला कळेल की मी घसरलो म्हणून.

"हो," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. मग ताईकडं वळली. "ताई, ते दुसरं कुठंय? फाटलेलं?"

"साक्षीदारांनी आपापसांत बोलू नये," न्यायाधीश म्हणाले. पण हळू आवाजात म्हणाले.

ताईनं स्वतःच्या चाकावरचा चिखल खरवडला. मग म्हणाली, "कापलं ग त्याला."

"का?"

"आधी फाटकी जॅकेटं आम्ही तशीच भंगारात टाकायचो. कोणीही उचलून अंगात घातलं असतं. म्हणून नियम झाला, जुनं जॅकेट चिंध्या केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. नियम मीच मागितला होता, साहेबांच्या डोक्यावर बसून. मग पहिलं माझंच दिलं. धुलाईवाली मावशी म्हणत होती, हे ठेव, शिवून देते. मी म्हटलं, नको. माझ्यापासून सुरू नाही केलं तर कोण ऐकेल?" आणि वर म्हणाली, "कात्री मीच चालवली. दुसऱ्या कोणाला दिली नाही."

मुलीच्या मुठी वळल्या होत्या, जसं काही आत कापड आहे.

मला पुन्हा पाकिटात घातलं. असं कळलं मला, दादा गेला ते. मी त्या वेळी इथंच, कपाटात, त्याच्यावर जळत बसलो होतो. त्याचे तुकडे होत होते आणि मी त्याच्याशी न बोलण्याचे बेत करत होतो.

निकाल लागायचा आहे. लागला की मलाही परत पाठवतील, आणि नियम तर आता आहेच. माझं मला काही वाटत नाही. एवढंच वाटतं की ताईनं कात्री स्वतः चालवावी. दादाला तिनं हातानं कापलं, मला दुसऱ्या कोणी कापलं तर मी ते विसरणार नाही.

तुम्ही सामन्याला जाल. बाहेर पडताना गेटवरचं माणूस विचारेल, कोणाबरोबर चाललात? तुमची लेक, बहीण बरोबर असेल तर तिलाच विचारेल, तुम्हाला जरा लांब उभं करून. हल्ली सगळ्या गेटांवर विचारतात, ताईनं साक्षीत सांगितलं. चिडू नका. माझं काय जातं, असं म्हणू नका. उत्तर द्या आणि तिलाही देऊ द्या. आणि तुमच्या पुढं एखादी असेल, जिच्या वतीनं दुसराच बोलतोय, तर घरी जायची घाई थोडी बाजूला ठेवा आणि गेटवाल्याला सांगा.

निघतो मी. एकच राहिलं. त्या मुलीनं माझ्यासमोर त्याचीच चौकशी केली, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. सवयच आहे मला. पण तिनं तोंड उघडलं, ते दुसरं कुठंय म्हणाली, आणि मला फक्त एवढंच वाटलं की बरं झालं, विचारलंस. मी कधीचा हेच विचारत होतो.